बिनधुराची थंडी

आमच्या घरात थंडीची पहिली खबर औषधाच्या दुकानातून येते. दिवाळीचे फटाके वाजून संपतात, पुण्याची हवा जड होते आणि मुकुंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, दम्याचा पंप कपाटातून खिशात आणि खिशातून हातात येतो. नोकरीत असेपर्यंत निदान दिवसभर त्याचं लक्ष जमिनीच्या नकाशांत असायचं. निवृत्त झाल्यावर तो खिडकीशी बसून बाहेरच्या हवेला नावं ठेवण्यात पटाईत झाला आणि मी ती ऐकण्यात. अशाच एका सकाळी आदिलाबादहून त्याच्या मामेभावाचा, नामदेवभाऊजींचा फोन आला आणि आमचं जाणं ठरलं.

मुकुंदची आई त्या बाजूची. आदिलाबादजवळच्या तामसीच्या पुढे पैनगंगेकडे उतरत जाणाऱ्या एका खोलगट भागात तिचं माहेर होतं. लहानपणी तो दोन-तीनदा तिथे गेला होता आणि लग्न झाल्यापासून मी तिथल्या हवेचं कौतुक ऐकत आले आहे. तिथली थंडी कोरडी, तिथलं आभाळ निळं, तिथे माणूस खोकतच नाही, वगैरे. माझं माहेर कोल्हापूरकडचं असल्यामुळे हवेच्या बाबतीत मीही कुणाला हार जाणारी नाही, पण ह्या आजोळापुढे माझी पंचगंगा दर वेळी हरायची. गावाचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. तिथल्या माणसांना ते आवडायचं नाही.

आदिलाबाद

आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्याच्या लगेच नंतरची ती थंडी. नांदेडहून निघालेली गाडी किनवटनंतर सागाच्या जंगलातून जाते आणि तिथवर मुकुंद अगदी खुशीत होता. आदिलाबादला उतरलो आणि त्याची खुशी फलाटावरच राहिली. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. सरकी काढायच्या जिनिंग गिरण्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्याकडेला उभी, धूळ उडत होती, आणि कापसाचे बारीक तंतू विजेच्या तारांवर, लिंबाच्या झाडांवर, चहाच्या टपरीच्या ताडपत्रीवर बसले होते. मुकुंदला ठसका लागला तो थांबेचना. मी मनात परतीच्या गाडीची वेळ आठवायला लागले.

नामदेवभाऊजी घ्यायला आले होते. उंच, वाळकेसे, पांढरं धोतर, वर लोकरी टोपी आणि गळ्याभोवती मफलर. तामसी रस्त्याला त्यांची थोडी कपाशी आणि थोडा भाजीपाला आहे, वांगी-मेथी ते इथल्याच बाजारात आणतात. त्यांनी खोकणाऱ्या भावाकडे एकदा पाहिलं, त्याच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, "इथली हवा मनावर नोको घेऊ मुकुंदा, हा बजार हाय. घरी चाल, मंग सांग."

बसवरची पाटी तेलगूत होती. मला ती भिंतीवरच्या वेलबुट्टीसारखी दिसली. कंडक्टर माझ्याशी हिंदीत, पुढच्या बाईशी तेलगूत आणि भाऊजींशी मराठीत बोलला आणि तिन्ही वेळा तितकाच वैतागलेला होता. वाटेत भाऊजींनी जिल्हा फुटल्याचं दुःख सांगितलं. बासरची सरस्वती काल-परवापर्यंत त्यांच्या जिल्ह्यातली होती, आता ती निर्मल जिल्ह्यात गेली. देवी जागची हलली नाही, पण कुणी विचारलं तर 'आमच्या जिल्ह्यातली' असं आता म्हणता येत नाही, ह्याचा त्यांना राग होता. आजोबांचे जमिनीचे कागद उर्दूत, त्यांचे स्वतःचे तेलगूत, नातवंडं तेलगू शाळेत, आणि हे सगळं ज्याने सांभाळायचं तो माणूस मराठीत बोलणारा. हे सांगताना ते हसत होते, पण हसणं काही खरं वाटलं नाही.

वस्ती

गावाच्या टोकाला, नाल्याच्या पलीकडे, पाच-सहा घरांची वस्ती आहे. भाऊजींचं घर त्यातलं शेवटचं. समोर उतरतं शेत, खाली नाला, पलीकडे पळसाची झाडं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मुकुंद अंगणात उभा राहिला, त्याने श्वास घेतला, थांबला, आणखी एक घेतला. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यभर ज्याची थट्टा केली ते आजोळ मुकाट्याने मान्य करून टाकलं.

हवा खरोखरच सुंदर होती. सकाळी नाल्यावर धुकं साचायचं आणि ऊन वर आलं की हळूहळू निघून जायचं. तुरीवर दव असायचं. दुपारी उन्हात बसवत नसे आणि सावलीत गेलं की शाल लागे. थंडी मात्र भयंकर. आमच्या कोल्हापूरची थंडी मायाळू असते, ही तोंडात मारल्यासारखी. पहाटे उठून बाहेर आलं की दात वाजायचे. आणि अशा थंडीत ती सगळी वस्ती शेकोटीशिवाय बसलेली असायची.

ह्याचं मला फार नवल वाटलं. आमच्याकडे जरा गारवा पडला की पोरंटोरं पालापाचोळा गोळा करून पेटवतात. इथे शेजारचे हणमंतूबाबा, ऐंशीच्या घरातले, दोन घोंगड्या पांघरून ओट्यावर नुसते बसून राहायचे आणि ऊन येण्याची वाट पाहायचे. त्यांना खोकला झाला होता. मी मुकुंदला म्हटलंसुद्धा, की बघ, काय काटक माणसं आहेत, नाहीतर तू. मुकुंदने ते ऐकून स्वेटर काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शिंका दिल्या.

बाकी पाहुणचाराला तोटा नव्हता. भाऊजींच्या पत्नी, मीरावहिनी, ठेंगण्या आणि अखंड कामात. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. अंबाडी मी आमच्याकडेही खाल्ली होती, पण ही चांगलीच आंबट, तेलगू वळणाची, मिरचीही सढळ. दोन गोष्टींची मात्र मी मनातल्या मनात तक्रार केली आणि आता ती आठवली की मला माझीच चीड येते. एक म्हणजे आंघोळीचं पाणी. सकाळी गरम पाणी मिळायचंच नाही. पाण्याने भरलेली पिंपं दिवसभर उन्हात ठेवायची आणि आंघोळ दुपारी करायची, हा तिथला रिवाज आहे असं मला सांगण्यात आलं. दुसरी म्हणजे हुरडा. ज्वारीचा कोवळा हुरडा खायचा तो आगटीभोवती बसून, हात पोळवून घेत. इथे भाऊजी कुठून तरी दूरच्या शेतातून तो भाजून, फडक्यात बांधून आणायचे आणि आमच्यापुढे येईपर्यंत तो गार झालेला असायचा. मी खोबऱ्याची चटणी लावून मुकाट्याने खाल्ला. पुण्याला गेल्यावर मैत्रिणींना सांगायला एक गंमत, एवढाच विचार तेव्हा डोक्यात आला.

तामसीचा बाजार

आमचा मुक्काम पंधरा दिवसांचा ठरला होता. पंधरा दिवस संपले तेव्हा मुकुंद नाल्यापर्यंत जाऊन न थांबता परत येत होता. पंप खिशात होता, पण हातात येत नव्हता. रात्री तो आडवा झोपायचा. दम्याच्या माणसाच्या घरात हे काय असतं ते ज्यांनी उशा रचल्या आहेत त्यांनाच कळेल. त्याने मुक्काम आठवड्याने वाढवला, मग आणखी वाढवला. भाऊजी दर वेळी म्हणायचे, "राहा न. घर तुमचंच हाय." आणि ते मनापासूनच म्हणायचे, ह्याबद्दल मला आजही शंका नाही.

एका बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं तामसीला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना शेतांतून धुराचे लोट चढत होते. वेचणी संपली की कपाशीची वाळकी झाडं, ज्याला तिथे पऱ्हाटी म्हणतात, ती उपटतात आणि शेतातच ढीग करून पेटवतात. बसच्या खिडक्या लावूनही घसा खवखवला. मुकुंदने रुमाल नाकाला धरला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, आपल्या वस्तीत बघ, एकजणसुद्धा पेटवत नाही. भाऊजी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मला त्याचं म्हणणं पटलं. आमच्या वस्तीभोवतीही पऱ्हाटीचे ढीग होतेच. प्रत्येक शेतात रचून ठेवलेले, कोरडे ठणठणीत. मी समजले की ही शहाणी माणसं ते सरपणाला ठेवतात. आमच्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवून देतात आणि चार दिवस सगळा गाव काजळी झाडत बसतो. बाजारात चहाला बसलो तेव्हा मी हे भाऊजींना सांगितलं, त्यांचं कौतुकही केलं. त्यांनी मफलर सारखा केला आणि वांग्याचा भाव काय चाललाय ते बघायला उठून गेले.

बाजारात आणि परतल्यावर वस्तीतही एक गोष्ट वारंवार घडायची. जो भेटेल तो पुण्याच्या हवेची चौकशी करायचा. हणमंतूबाबा खोकत विचारायचे, पुण्याची थंडी आता सरली असंल? त्यांचा मुलगा विचारायचा, तिकडची हवा आता निवळली असंल न? शेजारची सरूबाई, जिचं शेत भाऊजींच्या शेताला लागून आहे, ती तर रोज. मला वाटायचं, किती अगत्य. मी सविस्तर उत्तर द्यायची. अजून नाही हो, मार्चपर्यंत असंच असतं, धूळ असते, गाड्यांचा धूर असतो. त्यावर सगळे मान डोलवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. मुकुंद तर एकदा म्हणाला की पुण्याची हवा आता ह्या जन्मी निवळत नाही. सरूबाईचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, आमच्या काळजीने उतरला.

दोन खोल्या

फेब्रुवारी लागला. पळस फुलू लागला होता, आंब्याला मोहर होता, दुपारचं ऊन टोचायला लागलं होतं. मुकुंदने एक दिवस भाऊजींच्या शेताच्या कोपऱ्यात काठीने रेघा ओढल्या. मी विचारलं तर म्हणाला, दोन खोल्या. एक ओटा. खिडकी नाल्याकडे. नकाशे काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने कितीतरी वर्षांनी स्वतःसाठी नकाशा काढला होता. मीरावहिनींच्या नातीकडून त्याने शाळेचा चौकटीचा कागद मागून घेतला आणि संध्याकाळपर्यंत पायऱ्यासुद्धा काढल्या.

रात्रीच्या जेवणाला त्याने ते भाऊजींना दाखवलं. उरलेली वर्षं इथे काढावीत म्हणतो, निदान दर थंडीचे चार महिने. भाऊजींनी कागद दिव्याजवळ धरून नीट पाहिला. "बांध," ते म्हणाले, "जागेसाठी का मले विचाराले पाह्यजे तुले?" मीरावहिनी भाकरी वाढायच्या थांबल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, त्यांना दीर-जाऊ कायमचे येऊन राहणं जड जाणार, आणि कुणाला नाही जाणार? मी मनाशी ठरवलं की उद्यापासून कामाला जरा जास्त हात लावायचा.

हरभऱ्याच्या शेतात

कामाला हात लावायला म्हणून मी दुसऱ्या सकाळी सरूबाईबरोबर हरभऱ्याची भाजी खुडायला गेले. वाटेत तिच्या शेतातले पऱ्हाटीचे ढीग लागले. मी पुन्हा तेच पाचटाचं पुराण लावलं आणि म्हटलं, तुम्ही सरपण राखता हे फार चांगलं करता. सरूबाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसते आहे. हसतच होती, पण मग खाली बसली.

"सरपण कायचं ताई, सैपाकाले घरोघरी गॅस हाय," ती म्हणाली. "हे जाळाचंच हाय."

मग जाळत का नाही, असं मी विचारलं. विचारताना मला उत्तर येत नव्हतं, हे आज खरं वाटत नाही.

"तुमी हाय न इथं," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, भाजी खुडता खुडता, माझ्याकडे न बघता. संक्रांतीच्या आधी नामदेवभाऊ घरोघरी गेले होते. माझ्या भावाले धूर सोसत नाई, पंधरा दिवस कोणी काडी ओढू नोका, म्हणाले. आजवर ते कुणाच्या दारात काही मागायला गेले नव्हते, सगळ्यांच्या अडीअडचणीला मात्र पहिले हजर, त्यामुळे वस्तीने एका शब्दात मानलं. पऱ्हाटी तर नाहीच, पण शेकोटी नाही, बंब नाही, आगटी नाही. हणमंतूबाबांची शेकोटी त्यांच्या लेकाने स्वतः पाणी टाकून विझवली. पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता. मग आम्ही राहिलो. आणि पाहुण्याला कधी जाणार असं विचारायची तिथे पद्धत नाही. पाहुण्याच्या गावची हवा विचारायची, म्हणजे सुज्ञ पाहुणा समजतो. आम्ही दोघं शिकलेली माणसं, समजलो नाही. उलट पुण्याच्या हवेचं रडगाणं गात बसलो.

ढीग हलल्याशिवाय नांगर घालता येत नव्हता. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांनी भुईमुगाचं बी आणून ठेवलं होतं. ती वेळ निघून गेली होती, आता पेरला तर काढणीला पावसात सापडणार. "भुईमूग तं गेला," सरूबाई म्हणाली. "या हप्त्यात वावर मोकळं झालं तं तीळ साधंल." आणि लगेच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पण तुमी नोका मनावर घेऊ. पाव्हना का रोज येते?"

मी भाजीची ओटी तशीच घेऊन घरी आले. भाऊजी वांग्याच्या वाफ्यात होते. मी रागावलेच होते त्यांच्यावर, खरं सांगते. आमच्यासाठी एवढ्या लोकांना थंडीत बसवायचं, त्यांचं पीक घालवायचं, आणि आम्हाला कळूही द्यायचं नाही, हा कसला पाहुणचार? मी तसं बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की आपल्या हवेबद्दल त्यांनी मुकुंदला कधी खोटं सांगितलं नव्हतं. पूर्वी पऱ्हाटी चुलीत जायची, घराच्या कुडाला लागायची, काडीसुद्धा शेतात उरायची नाही. आता ती कुणाला नको झाली, म्हणून जाळतात. सगळ्या मुलखात महिना दीड महिना आभाळ दिसत नाही. फोनवर भावाचा खोकला ऐकला आणि 'ये' असं तोंडातून निघून गेलं. मग शब्द खरा करायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

"त्याले सांगू नोका वहिनी," ते म्हणाले. "लहानपणापासून एकच गोष्ट आमची त्याले भारी वाटत आली. तेवढी राहू द्या."

मी त्यांना शब्द दिला.

निघताना

मग मला त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगावं लागलं की मला इथे करमत नाही. भाषा कळत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, गुडघे दुखतात, सुनेची आठवण येते. सुनेची आठवण हे जरा जास्तच झालं, पण त्या वेळी सुचेल ते बोलत गेले. मुकुंद आधी समजूत घालत होता, मग चिडला. तो म्हणाला, बत्तीस वर्षं तुझ्यासाठी, संसारासाठी पुण्याच्या त्या धुरात राहिलो, आता दोन महिने माझ्यासाठी राहता येत नाही? ह्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. ते अंगणाबाहेर प्रत्येक शेतात ढीग होऊन पडलं होतं. मी म्हटलं, नाही येत. परवाची गाडी बघ.

तो दुसऱ्या दिवशी एकटाच नाल्यावर जाऊन बसला आणि उन्हं उतरेपर्यंत बसून राहिला. मला जवळ जाववेना. दुरून दिसायचं की तो नुसता श्वास घेत बसला आहे, जसं एखादं माणूस प्रवासाआधी पोटभर जेवून घेतं. खरं सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. पण सांगून काय मिळालं असतं? जायचं तर होतंच.

निघायच्या सकाळी सगळी वस्ती बसथांब्यावर आली. कुणी तुरीची डाळ बांधून दिली, कुणी वाळवलेली अंबाडी. हणमंतूबाबा लेकाच्या हाताला धरून आले आणि मुकुंदच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, तब्येत मस्त झाली बरं. सरूबाईने माझी ओटी भरली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. जाणारा जावा अशी वाट बघणं आणि तो जाताना रडू येणं, दोन्ही एकाच बाईला एकाच वेळी खरं असू शकतं, हे मी तिथे पाहिलं. मुकुंदने भाऊजींना बजावलं की कोपरा मोकळा ठेव, पुढच्या थंडीत येतोच, हिला काय करायचं ते हिचं ही बघेल. भाऊजी म्हणाले, "ठेवतो न."

वस्तीपासून रस्ता चढत जातो. वर टेकाडावर बस थांबते, कारण तिथून दुसऱ्या गावची माणसं चढतात. मुकुंद खिडकीशी होता. तो मागे वळून बघणार हे मला माहीत होतं आणि मी त्याला काहीतरी बोलून अडवायच्या विचारात होते, पण दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं, त्यामुळे चटकन काही सुचलं नाही.

खाली सगळी वस्ती दिसत होती. पहिला धूर सरूबाईच्या शेतातून निघाला. मग त्याच्या पलीकडून, मग हणमंतूबाबांच्या बाजूने. शेवटी भाऊजींच्या स्वतःच्या शेतातून, मुकुंदने रेघा ओढलेल्या कोपऱ्याजवळून. वारं पडलेलं होतं म्हणून धूर सरळ वर गेला आणि मग पसरला. बस सुटेपर्यंत नाला दिसेनासा झाला होता.

मुकुंद बघत राहिला. नकाशांसाठी जमिनीकडे वरून बघण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाला हे समजायला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. मग त्याने विचारलं, "तुला केव्हा कळलं?" मी म्हटलं, परवा. त्याने काच सरकवून बंद केली आणि माझा हात आपल्या हातात घेतला, आणि आदिलाबाद येईपर्यंत सोडला नाही.

पुणे

पुढचा पावसाळा सरला. पुण्याची हवा व्हायची तशी झाली, उशाशी पुन्हा उशा रचल्या गेल्या. दवाखान्यातून वाफ घ्यायचं यंत्र घरी आणलं. दिवाळीनंतर एका सकाळी भाऊजींचा फोन आला. मुकुंदने नुकतीच वाफ घेतली होती, त्यामुळे आवाज बरा होता. त्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. भाऊजी म्हणत होते की कोपरा साफ केला आहे, विटा टाकू का, आणि संक्रांतीच्या आधी या, साऱ्यांना सांगून ठेवलं आहे.

मुकुंदने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

"नको दादा," तो म्हणाला. "रागावू नको, पण तुमच्याकडची हवा मला मानवली नाही. आल्यावर फार त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, तिकडे पुन्हा जाऊ नका."

मी मुकुंदच्या पाठीवर हात ठेवला, कारण त्याला धाप लागायला सुरुवात झाली होती आणि ती फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून तो तोंड बंद करून बसला होता.

"असं काय," भाऊजी शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा वाटला. "आमाले वाटलं, तुले मानवली."

मुकुंदने फोन माझ्या हातात दिला आणि पंप तोंडाला लावला. भाऊजींशी मग मीच बोलले. त्या वर्षी पाऊस कसा झाला ते विचारलं. चांगला झाला म्हणाले, आणि भुईमूग ह्या खेपेला वेळेवर पेरणार आहेत.